तेर्त्तूच्या दाढा

"तू त्यांना फार घाबरवतोस, सान्तेरी."

"दाढेचा अंकुर घाबरत नसतो, तेर्त्तू. त्याला डोकं नसतं."

"डोकं असलेले तरी काय दिवे लावतायत?"

"विषय बदलू नकोस. मी नव्वद सेकंद म्हणजे नव्वद सेकंद धरतो. बर्फावर धरतो. तू लिहून ठेवलंयस ते ओळ न ओळ करतो. आणि तरी आठ दिवसांनी माझ्या बशीत काय निघतं? गोळा. बोळक्या तोंडाचा गोळा. याचा अर्थ सांगू?"

"सांग, पण हळू सांग. इन्क्युबेटरचं दार उघडं टाकलंयस."

सान्तेरीने दार लावलं. जोरात लावलं. मग म्हणाला, "याचा अर्थ असा, की तू काहीतरी करतेस आणि ते लिहीत नाहीस."

शेजारच्या खोलीत मी मेणात बसवलेल्या दाढांचे काप काढत होते. मधलं दार कायम उघडं असतं. माझं पातं थांबलं, कारण तेर्त्तू वेस्तेरिनेनला आजवर कुणी चोर म्हटलेलं नव्हतं, आणि हे जवळजवळ तेच होतं.

तेर्त्तू शांतपणे म्हणाली, "करत असेनही. नसेनही."

फिनलंडमधल्या सावो प्रांतातल्या माणसाला सरळ प्रश्न विचारला की असंच उत्तर मिळतं. हेलसिंकीत चव्वेचाळीस वर्षं काढूनही तिचं हे गेलं नव्हतं. घड्याळात किती वाजले विचारलं तर आधी विचारणार, तुला कुठे जायचंय?

भांडणाचं मूळ असं होतं. आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या तेरा दिवसांच्या गर्भातला दाढेचा अंकुर काढतात. खसखशीच्या दाण्याच्या निम्मा असतो. त्याला वरचा पापुद्रा आणि आतला गर, असे दोन थर. एकमेकांना घट्ट चिकटलेले. एन्झाइमच्या पाण्यात तो थोडा वेळ बुडवला की मधला डिंक विरघळतो आणि दोन सुयांनी थर वेगळे करता येतात. मग ते पुन्हा एकावर एक ठेवायचे, कधी याचा पापुद्रा त्याच्या गरावर, आणि बघायचं की दाढ हो असा हुकूम कोण कोणाला देतं. आठ दिवस उबेत ठेवलं की बशीत खरीखुरी दाढ उगवते, कंगोऱ्यांसकट. तेर्त्तूच्या हातून उगवते. सुई अशी चालते की ती काही शिवतेय असं वाटतं. जगभरच्या पुस्तकांत छापलेल्या कितीतरी दाढा तिच्या हातच्या आहेत. खाली नाव अर्थात दुसऱ्यांचं.

पण तेर्त्तू तीस एप्रिलला निवृत्त होणार होती. आणि त्याच हिवाळ्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेने आमच्या मार्केत्ताला पत्र लिहिलं होतं: तुमच्या पद्धतीने आम्ही चाळीस वेळा केलं, एकही दाढ आली नाही, तुमच्या त्या बाईंच्या हातात काही जादू असावी. मार्केत्ता म्हणजे आमची प्राध्यापक. तिने ते पत्र चहापाण्याच्या खोलीतल्या फळ्यावर लावलं. खाली लिहिलं, "जादू म्हणजे विज्ञान नव्हे. कुणीतरी शिका." तो कुणीतरी म्हणजे सान्तेरी आल्फोर्स, वय एकतीस, नव्याने आलेला संशोधक.

तेर्त्तूने पत्र वाचलं होतं. मला एकदाच म्हणाली, काप बघता बघता, मान वर न करता. "मी गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या हातून एक जरी दाढ उगवली नाही ना, तर म्हणतील की त्या म्हातारीने पस्तीस वर्षं बनवाबनवी केली."

"असं कोण म्हणेल?"

"कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे कुणी म्हणत नाही. नुसते गप्प बसतील. ते जास्त वाईट."

---

तिला जादू वगैरे शब्द मुळीच आवडत नसत. ती सावोतल्या मानिंका गावची. वडिलांच्या नऊ गाई, घराला लागून तळं, आणि शाळा सहा किलोमीटरवर. एन्झाइम हा शब्द तिने सतराव्या वर्षी ऐकला, पण काम आधीपासून येत होतं. गाय व्याली की तिची आई चिकाचं चीज करायची, चुलीवर वरून खरपूस भाजलेलं, दाताखाली चूंचूं वाजणारं. दूध कोमट झालं की आई त्यात वासराच्या पोटातलं विरजण घालायची, एकदाच ढवळायची, आणि चमचा काढून घ्यायची.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग आई कॉफी प्यायला बसायची. मी भांड्यात बोट घालायला गेले की हातावर चमचा. म्हणायची, तुझं काम झालं, आता त्याचं काम चाललंय. मध्ये नाक खुपसू नको."

प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा अभ्यासक्रम करून ती विसाव्या वर्षी हेलसिंकीला आली. पहिली दहा वर्षं तिने नुसती रक्तं तपासली, मग आमच्याकडे आली आणि एकोणनव्वद साली दाढांना लागली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "केलंही असतं." कोणाशी, ते तिलाच ठाऊक. रविवारी समुद्राच्या पाण्यात पोहायची, जानेवारीतसुद्धा, बर्फाला पाडलेल्या भोकातून. सोमवारी तिचे गाल लाल असत आणि ती सगळ्यांना विचारत फिरायची, तुम्ही एवढे पांढरे का?

आणि कॉफी. तेर्त्तूची साडेनऊची कॉफी म्हणजे इमारतीचं घड्याळ. नऊला जबडे कापायला घ्यायचे, नऊ सव्वीसला अंकुर एन्झाइममध्ये, मग मिठाच्या पाण्यात, आणि साडेनऊच्या ठोक्याला तिचे लाकडी तळाचे बूट चहापाण्याच्या खोलीकडे खटखट निघायचे. एकदा आगीची घंटा वाजली होती तेव्हा ती कप हातात घेऊनच अंगणात उभी राहिली होती. बशा आत होत्या, पण कप बाहेर होता.

सान्तेरी कॉफी पीत नाही. तो नोकरीला लागला तेव्हा या गोष्टीची आठवडाभर चर्चा झाली. कुणी म्हणालं पोटाचा त्रास असेल, कुणी म्हणालं आई परदेशी असेल. आई इथल्याच तांपेरे शहरातली निघाली. मग लोकांनी नाद सोडला.

---

भांडणानंतरच्या सोमवारी सान्तेरीने तिच्या टेबलावर कॅमेरा लावला.

"मी मेल्यावर दाखवणारेस का?"

"तुझे हात फक्त. चेहरा येणार नाही."

"मग उगाच केस धुतले."

पाच दिवस त्याने तिचे हात टिपले. घरी नेऊन हळू गतीने बघितले. सुईचा कोन मोजला. तिने अंकुर धुताना बशी किती वेळा हलवली ते मोजलं. तिसऱ्या दिवशी ती बशी हलवताना काहीतरी गुणगुणते असं लक्षात आलं, तर त्याने तेही टिपून घेतलं. शुक्रवारी माझ्यासमोर येऊन बसला. डोळ्यांखाली काळं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "ती आणि मी, सगळं सारखं. उलट मी जास्त काळजी घेतो. ती धुऊन झाल्यावर बशी तशीच मिठाच्या पाण्यात टाकून कॉफीला जाते. मी ताबडतोब सीरममध्ये घालतो. सीरम एन्झाइमला थोपवतं. नाहीतर एन्झाइम खातच राहणार ना. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"आणि त्या वेळात कॅमेरा?"

"बंद. कॉफी पितानाचं कोण कशाला टिपेल?"

मी मान हलवली. कुणीच टिपलं नसतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं.

---

पुढच्या मंगळवारी सान्तेरीचा वाढदिवस. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्याने केक आणायचा आणि स्वतः कापायचा. यातून सुटका नाही. भिंतीवर यादी आहे, आणि ती यादी तेर्त्तू सांभाळते. सान्तेरीने वाटेवरच्या दुकानातून केक आणला, शीतकपाटात ठेवला, आणि आपल्या जबड्यांना लागला. केक जेवणानंतर कापू असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

नऊ एकोणतीसला तेर्त्तू त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"चल. केक."

"आत्ता? तेर्त्तू, अंकुर आत्ताच एन्झाइममधून काढलेत. धुतोय. दोन मिनिटं दे, सीरममध्ये घालतो."

"मार्केत्ताला दहाला बैठक आहे. मेणबत्ती पेटवलीय."

"पण हे मिठाच्या पाण्यात—"

"पाण्यातच आहेत. पळून जात नाहीत. त्यांना पाय फुटले तर मला सांग, तो शोध मोठा होईल."

तो गेला. जाताना तीन वेळा मागे वळून बघितलं. चहापाण्याच्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. गाणं म्हटलं गेलं, त्याच्या कानांना ते सहन झालं नाही हे दिसत होतं. त्याने केकचे नऊ तुकडे केले, एकही सारखा नाही.

"तुकडे कापायलाही घड्याळ लावलं असतंस," तेर्त्तू म्हणाली.

"मी जाऊ का?"

"बस. तुझाच वाढदिवस आहे. तू गेलास तर आम्ही कुणाचा केक खातोय ते कळायचं नाही."

मार्केत्ताने कुणाच्या तरी प्रबंधाच्या मेजवानीतला किस्सा काढला, तो लांबला. मग तेर्त्तूने दुसरा कप ओतला. एरवी ती दुसरा कप घेत नाही. तो मी पाहिला, पण त्याचा अर्थ लावायचं काही कारण नव्हतं. सान्तेरी टेबलावर मागे पोहोचला तेव्हा दहा वाजायला तीन मिनिटं होती. त्याने कपाळाला हात लावला, सगळं सीरममध्ये घातलं, थर सोडवले, पुन्हा जुळवले, आणि बशांच्या झाकणांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "वाया गेलेलं."

---

आठ दिवसांनी बुधवारी सकाळी त्याच्या खोलीतून काही आवाज येईना. मी डोकावले. तो मायक्रोस्कोपवर वाकलेला होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "बघ. आणि मला सांग, मी काय बघतोय."

मी डोळा लावला. दाढ. पाच कंगोऱ्यांची, गुबगुबीत, जरा एका अंगाला कललेली दाढ. बाजूच्या बशीत आणखी एक. तिसरीत दोन जुळ्या, एकमेकींना खेटलेल्या. तिन्ही बशांच्या झाकणांवर "वाया गेलेलं."

दहा मिनिटांत सगळी इमारत त्या खोलीत. मार्केत्ता पायमोज्यांवर आली, बूट तिकडेच राहिले. तिने पाहिलं, उभी राहिली, पुन्हा पाहिलं.

"काय वेगळं केलंस?"

"काही नाही. चूक झाली. वाढदिवस होता. बशी अर्धा तास मिठाच्या पाण्यात पडून राहिली."

मार्केत्ता कपाटाकडे वळली. मग म्हणाली, "तेर्त्तू, तुझी जुनी वही कुठे आहे?"

निळ्या पुठ्ठ्याची वही कपाटात वरच्या फळीवर होती. एकोणनव्वद सालचं पान. तेर्त्तूचं गोल गोल अक्षर. मार्केत्ताने मोठ्याने वाचलं. "बर्फावर नव्वद सेकंद. मिठाच्या पाण्यात धुणे. कॉफी. सीरम. थर सोडवणे."

कुणी हसलं नाही, लगेच तरी.

"कॉफी," सान्तेरी म्हणाला. "लिहिलंय. छापील प्रतीत नाही."

"ती मी खोडली," मार्केत्ता म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "चौऱ्याण्णव साली. छपाईला देताना. मला वाटलं, शास्त्रीय पद्धतीत कॉफी कशी चालेल? लोक हसतील. तेर्त्तूला विचारलं होतं मी. विचारलं होतं ना गं? ही ओळ महत्त्वाची आहे का म्हणून?"

"विचारलं होतंस."

"आणि तू काय म्हणालीस?"

"असेलही, म्हणाले. नसेलही."

तेव्हा मात्र सगळे हसले. मार्केत्ता तर भिंतीला टेकून हसली, डोळे पुसत. "एकोणतीस वर्षं," ती म्हणत होती, "एकोणतीस वर्षं सगळ्या जगाला मी कॉफीशिवाय दाढा करायला लावतेय."

मग फळ्याशी उभी राहून ती खरं कारण जुळवू लागली, आणि सान्तेरी मध्ये मध्ये तोडू लागला. वाढीचे घटक पेशीतून बाहेर पडतात ते बांधलेले, गुंडाळलेले. तिथेच पडून असतात, पण काम करू शकत नाहीत. ते गुंडाळलेलं कुणीतरी कापायला लागतं. ते एन्झाइमचं काम. आपण बाहेरून घातलेलं एन्झाइम धुऊनही थोडं मागे राहत असणार, आणि त्या अर्ध्या तासात ते हे कापत असणार. सीरम लगेच घातलं की त्यातली द्रव्यं एन्झाइमला पकडून ठेवतात.

"असणार," मार्केत्ता म्हणाली. "आत्ता नुसतं असणार. सिद्ध करायला दोन वर्षं लागतील. कुणाला कळलं का मी काय म्हणाले?"

तेर्त्तू खिडकीत बसली होती. "पाळणाघर," ती म्हणाली.

"काय पाळणाघर?"

"हिवाळ्यात पोरं आत आणतात. अंगात जाड सूट, गळ्यापर्यंत चेन, हातमोजे दोरीला बांधलेले. पोरं असतात धडधाकट, पण हात हलवता येत नाहीत. नुसती उभी. बाई येऊन एकेकाची चेन उघडते, मग धुमाकूळ. तुझं सीरम म्हणजे दारात उभं राहून बाईलाच अडवणारा माणूस."

मार्केत्ताने खडू खाली ठेवला. "हे मी लेखात घालणार."

"नको. कुणीतरी खोडेल."

---

पण एका वाढदिवसाने विज्ञान होत नाही, हे तेर्त्तूला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या आनंदातही ती म्हणाली, "एकदा आलं म्हणजे काय? एकदा मलासुद्धा नवरा मिळणार होता." बावीस एप्रिलला सान्तेरीने बारा बशा मांडल्या. सहा कॉफीच्या, सहा बिनकॉफीच्या. तेर्त्तूने एकाही बशीला हात लावायचा नाही, खोलीतही यायचं नाही. तिने ते मान्य केलं आणि आठ दिवस माझ्या खोलीत बसून लोकरीचा पायमोजा विणला, कान दाराकडे लावून. साडेनऊला मात्र ती स्वतः दारापर्यंत येऊन सान्तेरीला घेऊन जायची, बशा असोत नसोत. चौथ्या दिवशी त्याने पहिल्यांदा अर्धा कप घेतला. तोंड वाकडं केलं, पण प्याला. दिवसाअखेर इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

घरी तिने एक मेच्या वप्पूच्या सणासाठी लिंबाचं फसफसतं पाणी घातलं होतं. मोठी काचेची बाटली, तळाशी बेदाणे. ते वर आले की पाणी तयार. रोज येऊन सांगायची. "खालीच आहेत." दुसऱ्या दिवशी, "एक हलला." मी विचारायचे, "बेदाणे की दाढा?" ती पायमोजा उलटा करायची.

तीस एप्रिल. वप्पूची आदली दुपार. बाहेर रस्त्यावर पांढऱ्या टोप्या फिरायला लागल्या होत्या; बारावी झालेला प्रत्येक जण आज ती टोपी घालतो, ऐंशी वर्षांचा असला तरी. मार्केत्ताची पिवळी पडलेली टोपी टेबलावर तयार होती. तेर्त्तूकडे टोपी नव्हती. तिने शाळा आधीच सोडली होती. ती बाटली घेऊन आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि साखर भुरभुरवलेल्या तळलेल्या चकल्यांसारख्या जाळ्यांचं ताट.

सान्तेरीने झाकणं उघडली. तो एकेक बघत गेला, आणि मी कागदावर लिहीत गेले.

"बिनकॉफी, एक. गोळा."

"दोन. गोळा."

सहाही गोळे. मग दुसरी रांग.

"कॉफी, एक." तो थांबला. "चार कंगोरे."

"दोन. पाच."

"तीन. पाच, आणि सहावा येऊ घातलाय."

"चौथीत चार. पाचवीत... गोळा." त्याने वर बघितलं. "ही एक नाही आली."

"ती माझ्यावर गेलीय," तेर्त्तू दारातून म्हणाली. "सहावी. चार."

"तू बघितलंस?"

"तुझ्या तोंडावरून."

सहापैकी पाच. मार्केत्ताने टोपी उचलली आणि स्वतः न घालता सान्तेरीच्या मायक्रोस्कोपवर ठेवली. मग तिने कात्री घेऊन परदेशाहून आलेलं ते पत्र चहापाण्याच्या खोलीतल्या फळ्यावरून काढून आणलं, "जादू" हा शब्द कापला, आणि तो इवलासा तुकडा तेर्त्तूच्या तळहातावर ठेवला. तेर्त्तूने तो चष्म्याच्या डबीत टाकला. नाक दोनदा ओढलं, आणि म्हणाली की या खोलीत बाई नेहमी गारवा येतो.

बाटली उघडली. बेदाणे सगळे वर होते. कपांतून, काचेच्या मोजपात्रांतून, जे मिळेल त्यातून आम्ही प्यायलो. सान्तेरी साखरेने पांढरा झालेला हात झाडत तिच्याजवळ गेला. ती अंगावर जाकीट चढवत होती. लाकडी तळाचे बूट तिने त्याच्या टेबलाखाली नीट जोडीने ठेवले होते, आणि पायात बाहेरचे चढवले होते. तिच्या हातची दाढ कशी असते आणि त्याच्या हातची कशी, यात आता काही फरक उरला नव्हता, आणि त्याला हे माहीत होतं.

"तेर्त्तू, जाण्याआधी एकच सांग. माझ्या वाढदिवसाला तू मला नेमकं साडेनऊला बोलावलंस. केक नंतरही चालला असता. वर दुसरा कप घेतलास. तू कधीच दुसरा कप घेत नाहीस. तुला माहीत होतं ना?"

तेर्त्तूने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. रिकामी बाटली काखेत घेतली. मग चेन पुन्हा अर्धी खाली सरकवली, हात मोकळे झाले का बघितले, आणि दार ढकलून पांढऱ्या टोप्यांच्या रस्त्यावर निघून गेली.